मेयरसाहेब शनिवारपर्यंत आहेत

आमच्या घराण्याच्या रक्तातच राजकारण आहे, असं बाबा छातीठोकपणे सांगायचे. पुरावा म्हणून ते आपल्या एका चुलत आजोबांचं नाव घ्यायचे. हे आजोबा नागपूरला नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले होते आणि त्यांना घरातल्यांचीसुद्धा मतं पडली नव्हती. आई पुण्याची. ती कणीक मळता मळता म्हणायची, "रक्तात आहे हो, फक्त डोक्यापर्यंत पोचलेलं नाही." एवढ्या भक्कम वारशावर मिशिगनमधल्या एका गावाच्या कौन्सिलची निवडणूक लढवायची, असं बाबांनी ठरवलं तेव्हा मी शाळेत होते आणि शाळेतल्या मुलीला आपल्या बापाची जितकी लाज वाटू शकते तितकी मला वाटत होती. गावाचं नाव लिहीत नाही. ॲन आर्बरहून ते अर्ध्या तासावर आहे आणि बाबांना दूध आणायला अजून तिथल्याच दुकानात जावं लागतं.

बाबा गाड्यांच्या दारांचे इंजिनिअर होते. म्हणजे दार बंद करताना आवाज 'धप्प' यावा की 'ठप्प', यावर त्यांनी उभा जन्म काढला. भारी गाडीचं दार कसं लागतं आणि हलक्या गाडीचं कसं, हे त्यांना झोपेतही कळायचं. रस्त्यावर कुठे दार वाजलं की पोळीचा घास हातात धरून ते म्हणायचे, "शेजारच्या बिलनं नवीन गाडी घेतली." आणि बिलनं खरंच घेतलेली असायची. हे असलं ज्ञान घरात भरून वाहत असताना बाहेर मात्र बाबांना कोणी ओळखत नव्हतं. न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर पडले त्या शरदात पेट्रोल भरताना बाबांना कोणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पोर्चवर अमेरिकेचा एक झेंडा लावला, इतका मोठा, की आमच्या बेठक्या घरापेक्षा तो एखाद्या सरकारी कचेरीला शोभला असता. आणि मग ते गावातल्या समित्यांमध्ये शिरायला लागले. लायब्ररीची समिती, बर्फ काढण्याची समिती, तळ्यावरच्या बदकांच्या उपद्रवाची समिती. जिथे खुर्ची रिकामी, तिथे आमचे बाबा. "जिथे ठरवून राहिले लोक, तिथे आपण बसलेलं असलं पाहिजे," ते म्हणायचे. मी तेव्हा डोळे फिरवायचे. आता कळतं, की कौन्सिलमधली ती खुर्ची म्हणजे त्यांच्या लेखी या देशातली बसायची पहिली जागा होती.

अशाच एका समितीत त्यांनी आमच्या घरावर संकट ओढवून घेतलं. आमच्या गावाचं फ्रान्समधल्या एका गावाशी 'जुळं गाव' म्हणून नातं होतं. गावात शिरताना तशी एक पाटीही होती. त्या गावाचं नाव आमच्याकडे एकालाही धड म्हणता यायचं नाही, त्यामुळे दोन्ही गावांत प्रेम टिकून होतं. दर काही वर्षांनी इकडचे चार लोक तिकडे जाऊन वाइन प्यायचे आणि तिकडचे चार लोक इकडे येऊन मक्याची कणसं खायचे. नेमकं बाबा निवडणुकीला उभे राहिले त्या वर्षी इराकच्या युद्धावरून अमेरिकेचं आणि फ्रान्सचं वाजलं. आमच्या गावानं राष्ट्रभक्ती म्हणून पहिलं काय केलं असेल, तर हॉटेलातल्या फ्रेंच फ्राइजचं नाव बदललं. तळायच्या मात्र तशाच. आणि त्याच धामधुमीत, आधीपासून ठरल्याप्रमाणे, तिकडचे मेयर आठवडाभरासाठी यायचे होते. ज्यांच्या घरी ते उतरणार होते त्यांच्या घरात अचानक पाण्याचा पाइप फुटला. दुसऱ्या इच्छुकांकडे अचानक सासू आली. समितीत शांतता पसरली, आणि बाबांना शांतता सहन होत नाही. त्यांनी हात वर केला.

"मेयर येऊन राहिला आपल्या घरी, मेयर!" घरी आल्यावर बाबांनी जाहीर केलं. नागपूरचा महापौर लाल दिव्याच्या गाडीतून जाताना त्यांनी लहानपणी पाहिला होता. डोळ्यांसमोर बहुधा तोच असावा.

"वा! छान!" आई म्हणाली. "मला विचारलंत कधी? स्वप्नात?"

"अगं, इलेक्शनला प्रेस्टिज येते."

"येते ना. आख्खं गाव फ्रेंचांच्या नावानं बोटं मोडतंय आणि तुम्ही त्यांच्या म्होरक्याला घरात आणून ठेवा. मतांचा नुसता पाऊस पडेल."

मी मध्ये तोंड घातलं, "This is so embarrassing," आणि दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं, कारण घरात फ्रेंच येणारी मी एकटीच होते. स्पॅनिशचा वर्ग भरला होता म्हणून मी फ्रेंच घेतलं होतं. माझ्या त्या दुर्दैवाला आता अचानक भाव आला.

बाबांच्या प्रचाराचे प्रमुख म्हणजे बोरकर काका, ॲन आर्बरचे निवृत्त हृदयशल्यविशारद. ते फार आधी, आपले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते तेव्हा इथे आले होते. इतक्या गोऱ्यांची हृदयं त्यांनी उघडून पाहिली होती, की त्यांच्या आत काय असतं ते आपल्यालाच ठाऊक, असा त्यांचा समज होता. त्यांनी निदान केलं, "आणतोयस ना? मग आता त्याला घरात ठेव. पडदे लावून. फोटो नको, फिरायला नको. कौन्सिलच्या मीटिंगला त्याचं काय ते भाषण होऊ दे, तू मागे बस, तोंडातून ब्र काढू नकोस. निवडणूक नोव्हेंबरात आहे यार, लोक विसरतात." भाषणाचं कारण असं होतं, की गुरुवारच्या मीटिंगमध्ये ती जुळ्या गावाची पाटी काढून टाकायची का, यावर मत घेणार होते. मेयर ती वाचवायला येत होते.

मेयर, मस्यू म्हणजे श्रीयुत गार्बिये, आले ते एक चामड्याची बॅग आणि एक भलामोठा चीजचा गोळा घेऊन. त्या गोळ्यानं पुढे आठवडाभर आमच्या फ्रीजमध्ये अशी दहशत बसवली, की आईनं कोथिंबीर गॅरेजमध्ये हलवली. दिसायला ते अगदीच साधे. ठेंगणे, पोट सुटलेलं, भुवया दाट. आल्या आल्या त्यांनी बाबांच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली. बाबा खांबासारखे उभे राहिले. मग ते आईकडे वळले, तेव्हा आईनं प्रसंगावधान राखून इतक्या लांबून नमस्कार केला, की ते जागच्या जागी थबकले, हात जोडले आणि जन्मभर तेच करत आल्यासारखे वाकले. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं फ्रेंच त्याहून दिव्य. पण दोन दिवसांत घरातलं त्यांना सगळं ठाऊक झालं. आईचा उजवा गुडघा दुखतो, बाबांचं भावाशी बोलणं बंद आहे, माझी मैत्रीण माझ्याशी का बोलत नाही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ते काढून घेतलं.

सकाळी पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन ते आपली कारकीर्द सांगायचे. वडील गुरांचे डॉक्टर. गावचा आधीचा मेयर वारला, जागेवर बसायला कोणी तयार होईना, म्हणून ऐन तिशीत यांना बसवलं. तेव्हापासून उठलेच नाहीत. दर सहा वर्षांनी निवडणूक, दर सहा वर्षांनी हेच. मध्ये प्रादेशिक परिषदेवर गेले, तिथे उपाध्यक्ष झाले. पॅरिसच्या संसदेसाठी दोनदा उभे राहिले, दोनदा आपटले. "पॅरिसला माझी गरज नव्हती," ते म्हणायचे, "आणि त्यांनी ते मला दोनदा सांगितलं." एवढ्या वर्षांत केलं काय, असं मी उद्धटपणे विचारलं, तर त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं. एक पोहण्याचा तलाव, त्याच्यावर छप्पर. रेल्वेचं स्टेशन बंद होणार होतं, ते होऊ दिलं नाही. शाळेतलं जेवण शाळेतच शिजतं. आणि चौकात एक गोल, ज्याच्याभोवती गाड्या फिरतात. त्या गोलाबद्दल ते ज्या डोळ्यांनी बोलायचे, त्या डोळ्यांनी आमचे बाबा फक्त गाडीच्या दाराबद्दल बोलायचे.

बाबांनी त्यांना आपला प्रचार दाखवला. म्हणजे गटारांतून पावसाचं पाणी कसं वाहून न्यावं यावरच्या स्लाइड्स. मस्यूंनी शेवटपर्यंत पाहिल्या. इतका सोशिक माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"समोरच्या घरातल्या कुत्र्याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

बाबांना ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातून आईनं सांगितलं, "बिस्किट."

मग मस्यूंनी आपले नियम सांगितले. मयताला जायचं आणि तिसऱ्या रांगेत बसायचं, पहिली घरच्यांची. शनिवारच्या बाजारातून घाईनं चालायचं नाही. लोकांच्या घरी पुढे आलेल्या ताटाला कधी नाही म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, निवडणूक जिंकली की सगळ्यांत आधी जो हरला त्याच्या घरी जायचं. "त्या दिवशी त्याच्याकडे कोणी येत नाही. त्याची बायकोसुद्धा दुसऱ्या खोलीत असते."

बाहेर, दरम्यान, आमचं दिवाळं निघत होतं. 'मोहरील फॉर कौन्सिल' अशा निळ्या पाट्या बाबांनी घरोघरी जाऊन लोकांच्या लॉनवर लावल्या होत्या. मस्यू आल्याची बातमी फुटली (पडदे लावलेल्या घराकडे लोक जास्त बघतात, हे हृदयांच्या तज्ज्ञांना कोणी सांगायचं?) आणि पाट्या नाहीशा व्हायला लागल्या. कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही. मिशिगनचे लोक फार सभ्य. सकाळी बघावं तर आणखी एका लॉनवर नुसती दोन भोकं. बाबा ऑफिसला जाताना गाडी हळू करून ती भोकं बघायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाहुण्यांना हसून विचारायचे, "कॉफी?" त्यांच्या त्या हसण्याची मला फार कीव यायची आणि रागही यायचा. बिलच्या लॉनवरची पाटी गेली त्या दिवशी ते जेवले नाहीत, पोट बिघडलं म्हणाले.

आणि बुधवारी आईनं पुरणपोळीचा बेत केला.

इथे थोडं थांबून आमच्या घरातल्या आग्रहाबद्दल सांगायला हवं. आई लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा तिनं पहिल्या पंगतीत पाहुण्याला एकदाच विचारलं, "आणखी वाढू का?" पाहुणा सवयीनं "नको" म्हणाला आणि आई पुढे गेली. माझ्या आजीनं त्यावर जन्मभर सुनेला ऐकवलं, "पुण्याची आहे बाप्पा, विचारते हेच खूप समजा." तेव्हापासून आई बाटली ती बाटलीच. नव्यानं धर्मात आलेल्या माणसाची निष्ठा कडवी असते, तसा तिचा आग्रह नागपूरकरांनाही जड जाईल असा झाला. पाहुण्यानं नको म्हणायचं, तिनं वाढायचं. पुन्हा नको, पुन्हा वाढायचं. तो ताटावर आडवा झाला की मगच ती थांबायची. म्हणजे या गाडीला ब्रेक होता, पण तो पाहुण्याच्या पायाखाली होता.

आणि आमच्या पाहुण्यानं उभ्या कारकिर्दीत तो कधी दाबला नव्हता.

पहिली पोळी गेली, तुपाची धार धरून. आईनं दुसरी उचलली आणि ताटाकडे पाहिलं. मस्यूंनी मान झुकवली. तिसरी. चौथी. आई नकाराची वाट बघत होती, तो येईना, म्हणजे भूक आहे. मस्यू ती थांबण्याची वाट बघत होते, ती थांबेना, म्हणजे अजून खाणं अपेक्षित आहे. कटाच्या आमटीच्या वाट्यांवर वाट्या. बाबा कौतुकानं बघत होते. "मानलं बाप्पा! नागपूरचाच वाटतो," ते म्हणाले. मस्यूंच्या कपाळावर घाम आला, तर आईनं खिडकी उघडली आणि आणखी एक वाढली. मी त्यांना फ्रेंचमध्ये विचारलं, बरं वाटतंय ना? ते मोठ्या कष्टानं म्हणाले, "तुझी आई थकली असेल." शेवटी डबा रिकामा झाला. आमच्या घरात असं कधीच झालं नव्हतं. आई ओशाळून म्हणाली, "अय्या, पुरणच संपलं," आणि मस्यूंनी डोळे मिटून जे काही म्हटलं त्याचं भाषांतर मी केलं नाही, कारण ते देवाला उद्देशून होतं.

गुरुवारी सकाळी मेयरसाहेब आमच्या सोफ्यावर आडवे होते. चेहरा त्यांच्या चीजसारखा. बोरकर काकांनी येऊन पोट दाबलं, नाडी बघितली आणि सांगितलं, "हृदय उत्तम आहे. बाकीचं माझं खातं नाही. पण आज हा उठत नाही." आई ओवा आणि गरम पाणी घेऊन सोफ्यापाशी बसली आणि चक्क रडायला लागली. "मी मारलं हो त्यांना. सासूबाई खूश असतील आता वर." मस्यू तिचा हात थोपटत होते. मग त्यांनी बाबांना जवळ बोलावलं. संध्याकाळी आपल्याऐवजी कोणीतरी दोन शब्द बोलायला हवेत, म्हणाले. नाही जमलं तरी चालेल. तुमची निवडणूक आहे, मला समजतं.

बोरकर काका बाबांना दारापाशी घेऊन गेले. "जाऊ नकोस. आजारी पड तूही. पुरणपोळीच खाल्लीस म्हण. आज तिथे फ्रेंचांची बाजू घेतलीस तर सीट गेली म्हणून समज."

बाबा गेले. आई पाहुण्यांपाशी थांबली आणि मी बाबांबरोबर गेले, त्यांना गाडी चालवताना एकटं सोडवेना म्हणून. सभागृह भरलेलं होतं. एरवी या मीटिंगला कौन्सिलचे लोक, बदकांमुळे त्रासलेली एक म्हातारी आणि आमचे बाबा एवढेच असत. नियमाप्रमाणे कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकायचं, मग घंटा वाजायची. बाबांचं एकही भाषण घंटेआधी संपलं नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, जो बाबांच्या विरोधात उभा होता, तो बोलायला उठला. तो चांगलं बोलला. त्याचा पुतण्या इराकमध्ये लढत होता, हे सांगताना त्याचा आवाज फाटला, आणि ते नाटक नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आणि ज्यांनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलंय, त्यांनी आपण कोणाच्या बाजूचे आहोत ते एकदा सांगावं."

सगळ्या माना वळल्या. मी बाबांची बाही धरून म्हटलं, "Baba, don't. Please."

बाबा उठले. स्लाइड्स नव्हत्या, कागद नव्हता. माइक त्यांच्या तोंडापेक्षा उंच होता आणि तो खाली करायचं त्यांना सुचलं नाही. इंग्रजीतच बोलले, पण मला ते कायम मराठीतच आठवतं.

"मेयरसाहेब येणार होते. ते माझ्या घरी सोफ्यावर पडलेत, कारण माझ्या बायकोनं त्यांना जास्त खाऊ घातलं. ही आमची चूक आहे, त्यांची नाही. मी कोणाच्या बाजूचा आहे ते विचारलंत. मी तुमच्या बाजूचा आहे, मी इथेच राहतो. पण ते माझे पाहुणे आहेत. पाहुणा घरात असताना त्याच्या नावाची पाटी काढत नाहीत. मेयरसाहेब शनिवारपर्यंत आहेत. शनिवारी त्यांचं विमान आहे. त्यानंतर तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा."

आणि ते खाली बसले. घंटा वाजवायला हात उचललेली बाई तशीच राहिली. ते आजवर आमच्या घरात, गाडीत, फोनवर, समित्यांत जे काही बोलले होते, त्यातलं ते पहिलं बोलणं असेल जे ऐकून मला वाटलं, हा माझा बाप आहे. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

पाटीचं काय झालं? कौन्सिलनं शहाणपणानं विषय एका समितीकडे सोपवला. समिती अजून विचार करते आहे. पाटीवर शेवाळ चढलंय. आणि निवडणुकीचं काय झालं? बोरकर काकांचं निदान पहिल्यांदाच बरोबर आलं. बाबा पडले. नुसते पडले नाहीत, आपटले. चुलत आजोबांना शोभेल असे. मतमोजणीच्या संध्याकाळी आईनं साबुदाण्याची खिचडी केली होती आणि आम्ही तिघं गुपचूप खात होतो. बाबांचे कान रस्त्याकडे होते. मस्यूंचा तो नियम त्यांच्या मनातून गेला नसावा. गाड्या जात होत्या, दारं वाजत होती, लांब कुठेतरी, दुसऱ्यांच्या घरासमोर. "पिकअप ट्रक," बाबा म्हणायचे. "जुनी व्हॅन." आमच्यासमोर एकही थांबली नाही. शेवटी आई म्हणाली, "पुरे आता. खिचडी गार झाली."

सकाळी मी शाळेला निघत होते तेव्हा फोन वाजला. "मस्यू मोहरील आहेत का?" तो आवाज मी लगेच ओळखला. ते बाबांशी बोलले, मग आईशी, तिच्या गुडघ्याबद्दल. मग मला म्हणाले, "मी दारात यायला हवं होतं. पण समुद्र मध्ये आहे." मग बाबा ऑफिसला गेले. त्या दिवशी त्यांनी टाय लावला होता.

पुढची वर्षं भराभर गेली, माझ्या वयाला जातात तशी. मी ॲन आर्बरला कॉलेजात होते तेव्हा एका मार्चमध्ये बाबांचा फोन आला. माझी जुनी फ्रेंचची डिक्शनरी घेऊन ते रोज संगणकावर तिकडचा पेपर वाचत बसायचे, हे मला तेव्हा कळलं. "अगं, मस्यू पडले," ते म्हणाले. एवढ्या वर्षांनी. कोणा तरुण, चष्मेवाल्या माणसानं त्यांना हरवलं होतं. बाबा रोज फोन लावत होते, कोणी उचलत नव्हतं. शेवटी उचलला. बाबांनी विचारलं, तो जिंकलेला आला होता का? मस्यू म्हणाले, "त्यानं मेसेज पाठवला. तो बिझी आहे." मग बाबा म्हणाले, "मी येतो." ज्या माणसानं दारांच्या टेस्टिंगसाठी माझ्या शाळेचे सगळे कार्यक्रम चुकवले, त्यानं हे म्हणावं! मग मस्यू म्हणाले, "नको. मीच येतो. इथे सगळे नमस्कार करतात, पण कोणी थांबत नाही."

मे महिन्यात ते आले. या वेळी त्यांना बोलवणारी समिती नव्हती. विमानतळावर एकटे बाबा. मी बस पकडून घरी गेले होते. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "आले," कारण एवढ्या वर्षांत तिलाही ते कळायला लागलं होतं. मस्यू बारीक झाले होते. चीज आणलं होतं, पण छोटं. त्यांनी समोरच्या बिस्किटची चौकशी केली. बिस्किट गेला होता. "मला कळवायला हवं होतं," ते म्हणाले आणि खरंच दुखावले.

बेत अर्थातच पुरणपोळीचा. आई त्या जुन्या प्रसंगानंतर सावध होईल असं कोणाला वाटत असेल, तर तो आमच्या आईला ओळखत नाही. पहिली पोळी मस्यूंनी हळूहळू खाल्ली. आईनं दुसरी उचलली आणि ताटाशी नेली. आणि मस्यूंनी ताटावर पंजा आडवा धरला.

"नको, मादाम."

आई थांबली. उलथण्यावर पोळी, दुसऱ्या हातात तुपाची वाटी. तिचा पुढचा डायलॉग तयार होता, तो आम्हाला पाठ होता. पण मस्यू तिच्याकडे बघत नव्हते, आपल्या पंज्याकडे बघत होते. ते माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलले आणि मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणत होते, उभा जन्म मी लोकांच्या घरी सगळं खाल्लं. करपलेले केक, म्हाताऱ्यांची सुपं, बकऱ्याचा मेंदू. मला काय आवडतं ते मला ठाऊकच नाही. आता माझ्या नाही म्हणण्यानं कोणाचं काही बिघडत नाही. ते हसले, पण ते हसू तिथेच थांबलं.

आईनं बाबांकडे पाहिलं. मग तिनं जे केलं ते मी तिला त्याआधी करताना कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. तिनं ती पोळी डब्यात परत ठेवली, झाकण लावलं आणि खुर्चीवर बसली. आमच्याबरोबर, जेवायला. आमटी भुरकल्याचा तेवढा आवाज. बाबांनी बदकांची समिती अजून कशी चालू आहे ते सांगायला सुरुवात केली, मस्यूंनी दोन प्रश्न विचारले, आई हसली.

थोड्या वेळानं मस्यूंनी डब्याकडे पाहिलं. परत पाहिलं. मग लहान मूल विचारतं तसं, भुवया वर करून, त्यांनी विचारलं, "मादाम, ती अजून आहे का?"

आईनं झाकण उघडलं. एकच वाढली, आणि आग्रह केला नाही.